एकट्याला खोली नाही

“बरोबर कोण?”

“कोणी नाही. एकटाच आहे.”

लॉजवाल्यानं माझ्या खांद्यावरून जिन्याकडे पाहिलं. मागून कोणी येत नाही अशी खात्री झाल्यावर त्यानं किल्लीकडे नेलेला हात मागे घेतला.

“एकट्याला खोली नाही.”

“पण खाली पाटीवर तर खोल्या आहेत म्हणून लिहिलंय.”

“आहेत. तुला नाहीत.” त्यानं टेबलावरची घंटी आपल्याकडे ओढून घेतली, जणू मी ती उचलून नेणार होतो. “कोणाला तरी घेऊन ये, मग बघू.”

स्टेशनापासून बाजारापर्यंत हेच उत्तर ऐकत आलो होतो. एका ठिकाणी तर मालकानं मला पायरीही चढू दिली नाही. लांबूनच हात हलवून, भिकाऱ्याला हाकलतात तसं, पुढं जा म्हणाला. रात्रभर गाडीत बसून आलेलो, अंगावर कोळशाची कणी, डोळे चुरचुरत होते. कुठंतरी पाठ टेकायला मिळावी एवढंच हवं होतं.

ही शहाऐंशी सालची गोष्ट. मी विशीतला, जयसिंगपूरचा, सांगलीत इंजिनीअरिंगला होतो. त्या काळी मिरजेहून छोट्या रुळांची गाडी थेट वास्कोला जायची. रूळ संपायचे तिथंच बंदर सुरू व्हायचं. मी समुद्र पाहिलेला नव्हता. जहाज तर फक्त पुस्तकातल्या चित्रात. सुट्टीचे दोन दिवस तिथं काढायचे, वडापाव-केळी खाऊन भागवायचं, पोटभर जहाजं बघायची आणि परत यायचं, असा बेत होता. घरी सांगितलं होतं, सांगलीला मित्राकडे जातोय.

मासळी बाजारामागच्या गल्लीत एका शिंप्याच्या दुकानावर ‘खोली मिळेल’ असं खडूनं लिहिलेलं दिसलं. जिना चढून गेलो. व्हरांड्यात एक बाई सुपात तांदूळ निवडत बसली होती. पन्नाशीची, काटक, कपाळावर आडव्या आठ्या. ती कालिंदीबाई नाईक. घर तिचंच.

“खंयचो तू?”

“जयसिंगपूरचा. कोल्हापूरजवळ.”

ती मराठीवर आली. “एकटाच? कशाला आलास?”

“फिरायला.”

“एकटा फिरायला.” तिनं सुपातला खडा उचलून गजांतून खाली टाकला. “मित्र नाहीत तुला?”

“आहेत की.”

“मग ते कुठं आहेत?”

“त्यांना नव्हतं यायचं.”

“परतीचं तिकीट दाखव.”

“ते निघताना काढणार आहे.”

बाईनं सूप बाजूला ठेवलं. मला वाटलं, आता ही पण जा म्हणणार. पण ती उठली, माझ्या हातातली पिशवी काढून घेतली आणि तिथंच जमिनीवर पालथी केली. दोन शर्ट, टॉवेल, दाढीचं सामान, केळ्यांचा घड, कपडे वाळत घालायला घेतलेली सुतळी. तिनं दाढीचं सामान आणि सुतळी उचलून पदराखाली घेतली.

“अहो, हे काय करताय?”

“जाताना मिळेल. घरचा फोन नंबर सांग.”

“आमच्याकडे फोन नाही.”

“मग शेजारचा सांग. नंबर नाही तर खोली नाही.”

आमच्या पिठाच्या गिरणीसमोर चौगुल्यांचं खताचं दुकान होतं, तिथला नंबर मी दिला. तिनं मला खोली दाखवली. खाट, खिडकी, भिंतीवर देवीचं कॅलेंडर. दाराला आतून कडी नव्हती. कडी होती तिथं चार भोकं तेवढी उरली होती.

“दार लावायचं कसं?”

“लावायचं नाही. लोटायचं.” जाता जाता ती थांबली. “गिऱ्हाईक नाही म्हणून देतेय. तुझं तोंड बघून नाही.”

अशा घरात मी एरवी क्षणभरही थांबलो नसतो. पण अंगात त्राण नव्हतं. तासभर पडलो. तेवढ्या वेळात बाईनं निदान तीनदा दार ढकलून आत पाहिलं. नुसतं बघायची आणि जायची.

उठून मी बंदराकडे गेलो. मोठ्या फाटकावर पहारेकऱ्यानं पास विचारला. नाही म्हटल्यावर दंडुक्यानं रस्ता दाखवला. भिंतीच्या कडेनं चालत राहिलो. शेवटी मासेमारीच्या लाँची लागतात तिथं दगडी बांध मिळाला. त्याच्या टोकाला जाऊन पाय खाली सोडून बसलो.

समोर जहाजं उभी होती. मी कल्पनेत पाहिली होती त्याहून कितीतरी मोठी. आमच्या गावचा साखर कारखाना पाण्यावर तरंगत यावा तशी. लाल मातीचे ढीग भरलेल्या बार्जेस, म्हणजे सपाट बोटी, त्यांच्याकडे जायच्या, शेजारी जाऊन लागायच्या, आणि वरून क्रेनचा जबडा येऊन ती माती उचलायचा. आसमंतात त्या लाल धुळीचा पातळ पडदा होता. माझ्या पांढऱ्या शर्टावरही ती बसत होती. मला काही सुचत नव्हतं. नुसता बघत होतो.

जाळं विणत बसलेला एक माणूस बराच वेळ माझ्याकडे पाहत होता. तो जवळ आला.

“पोंवपाक येता?” त्यानं हातांनी पोहण्याची खूण केली.

“नाही.”

“मग उठ.”

“मी काही त्रास देत नाही तुम्हाला.”

“उठ म्हणून सांगितलं ना. इथं बसायचं नाही.”

टोपल्या धुणाऱ्या बायाही ओरडू लागल्या. एकीनं माशांचं पाणी मुद्दाम माझ्या बाजूला फेकलं. उठलो आणि बांधाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसलो. पुन्हा कोणीतरी आलं. पुन्हा उठलो. सगळं गाव मिळून मला त्या पाण्यापासून हाकलत होतं, आणि मी हट्टानं परत परत तिथंच जात होतो. राग आला होता. समुद्र काय यांच्या बापाचा आहे का, असं वाटत होतं.

दुपार कलली तेव्हा एक जहाज निघालं. आधी कळलंच नाही. वाटलं, मीच सरकतोय. मग दोन छोट्या बोटींनी त्याला हळूहळू वळवलं आणि ते उघड्या समुद्राकडे तोंड करून निघालं. भोंगा वाजला तो छातीत घुमला. ते लहान लहान होत गेलं, आणि शेवटी त्याचा धूर तेवढा उरला. मी तिथं किती वेळ होतो सांगता येत नाही. भूक लागल्याचं लक्षात आलं नव्हतं. कित्येक महिन्यांत मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

दिवेलागणीला परत आलो तर माझी पिशवी जिन्याच्या खालच्या पायरीवर ठेवलेली. कालिंदीबाई वर उभी, आणि तिच्याशेजारी तो जाळीवाला.

“दिवसभर बांधावर काय करत होतास?” तिनं विचारलं.

“जहाजं बघत होतो.”

“दिवसभर?”

“हो.”

“जेवलास?”

“नाही.”

“का नाही?”

“भूक नव्हती.”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. जाळीवाला म्हणाला, “मी सांगितलं नव्हतं?”

“पिशवी उचल आणि चालायला लाग,” बाई म्हणाली. “माझ्या घरात नको.”

“काय नको? मी केलंय काय? सकाळपासून चोरासारखं वागवताय मला.”

“चोर परवडला.” ती दोन पायऱ्या खाली आली. आवाज चढलेला नव्हता, तरी प्रत्येक शब्द तोडून टाकल्यासारखा येत होता. “दोन वर्षांमागं एक आला होता. हुबळीचा. तुझ्याच वयाचा, तुझ्यासारखाच सभ्य. फिरायला आलो म्हणाला. दुसऱ्या दिवशी दार फोडून काढावा लागला त्याला. पोलिसांनी माझ्या नवऱ्याला पंचवीसदा बोलावलं. माझ्या थोरलीचं ठरलेलं लग्न मोडलं, या घराला नाव ठेवलं लोकांनी. त्याचं काय, तो सुटला. आम्ही अजून भोगतोय.”

त्या वेळी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लॉजवाले, जाळीवाला, त्या बाया, सगळ्यांचा अर्थ एकदम लागला. खरं तर मला हसू यायला हवं होतं. पण पोटात अन्न नव्हतं, दिवसभर हाकलून घेतलेलं होतं, आणि त्याआधीचंही बरंच साठलेलं होतं.

“मग घाबरू नका,” मी म्हणालो. “मरायचंच झालं तर तुमच्या खोलीत नाही मरणार. समोर एवढा समुद्र आहे. मग तर झालं?”

बोललो आणि कळलं की हे बोलायला नको होतं. बाईनं जिना उतरून माझं मनगट धरलं. तिच्या बोटांत इतकी ताकद असेल असं वाटलं नव्हतं. दुसऱ्या बाजूनं जाळीवाल्यानं दंड धरला. भर बाजारातून, लोक बघताहेत, अशी माझी वरात पोलीस चौकीवर गेली.

चौकीत एक हवालदार होता, टोपी टेबलावर काढून ठेवलेली. बाईनं कोंकणीत सगळं सांगितलं. त्यानं मला बाकावर बसवलं.

“जीव द्यायला जाणं गुन्हा आहे, माहीत आहे? आत टाकीन.”

“मी जीव द्यायला आलेलो नाही. जहाजं बघायला आलोय.”

“जहाजावर कोणी आहे तुझं? नोकरीबिकरी?”

“नाही.”

“मग जहाज कशाला बघायचं?”

हवालदारानं बाईकडे पाहून मान हलवली. मी गप्प बसलो म्हणजे कबूलच केलं, असा त्याचा हिशेब झाला.

समोरच्या औषधांच्या दुकानात फोन होता. ट्रंक कॉल लागायला बराच वेळ गेला. बाई एका कानावर हात दाबून, वाकून, फोनमध्ये ओरडत होती, ते मला बाकावरून दिसत होतं. शब्द कळत नव्हते. परत आली तेव्हा तिचा घसा बसला होता.

“तुझ्या बापाला बोलावून आणलं त्यांनी. येतोय.”

“काय म्हणाले अण्णा?”

“काही नाही. ‘बरं’ म्हणाला.”

मग ती माझ्याकडे न बघता निघून गेली. रात्र मी त्या बाकावरच काढली. हवालदारानं चहा दिला, पण माझ्या चपला काढून घेऊन आपल्या टेबलाखाली ठेवल्या. पळून जाऊ नये म्हणून.

मी अण्णांचा विचार करत होतो. गिरणी बंद ठेवून यावं लागणार, चारचौघांत शोभा झाली, म्हणजे आता माझी खैर नव्हती. घरी जाण्यापेक्षा इथल्या कोठडीत टाकलं तर बरं, असंसुद्धा वाटून गेलं.

दुसऱ्या दिवशी उन्हं चढल्यावर एक मॅटडोर चौकीसमोर येऊन उभी राहिली. ओळखीची होती. आमच्या गल्लीतला इलाही तिच्यातून कोल्हापूरला भाजी न्यायचा. मला आश्चर्य वाटलं. रेल्वे असताना गाडी कशाला? आधी नेमूकाका उतरले, वडिलांचे धाकटे भाऊ. मग अण्णा. धोतर चुरगळलेलं, डोक्याला टोपी नाही. अण्णांना टोपीशिवाय मी घरातसुद्धा कधी पाहिलं नव्हतं.

बाक दाराच्या आडोशाला होता. मी त्यांना दिसलो नाही. ते सरळ हवालदाराच्या टेबलापाशी गेले, दोन्ही हात टेबलावर टेकले आणि खालच्या आवाजात म्हणाले, “मी मगदूम. जयसिंगपूरहून आलो. कुठं ठेवलंय?”

हवालदार म्हणाला, “कोणाला?”

अण्णांनी तेच पुन्हा विचारलं. “कुठं ठेवलंय?”

हवालदारानं बोटानं बाक दाखवला.

अण्णा वळले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणजे डोळे माझ्यावर होते, पण बराच वेळ त्या डोळ्यांत मी उमटलोच नाही. मी उभा राहिलो. त्याबरोबर ते खाली बसले. जमिनीवर, चौकीच्या फरशीवर, हात मांडीवर ठेवून. नेमूकाका पुढं आले आणि त्यांनी माझ्या थोबाडीत मारली. एकच, पण कान वाजत राहील अशी. मग तेच भिंतीकडे तोंड करून रडू लागले.

अण्णांनी पाणी मागितलं. एका दमात पेला रिकामा केला आणि दुसरा मागितला.

कालिंदीबाई आली ती माझं दाढीचं सामान आणि सुतळी कागदात बांधून घेऊन आली. अण्णांनी उठून तिला हात जोडले.

“हात जोडू नका,” ती म्हणाली. “तुमचा माणूस न्या. परत इकडं पाठवू नका.”

“बाई, तुमचे उपकार...”

“उपकार नाहीत. मी माझं घर वाचवलं.” तिनं पुडकं माझ्या हातात कोंबलं आणि निघाली. तिच्या चेहऱ्यावर मला शेवटपर्यंत माया दिसली नाही. माया तिथं नव्हतीच. उगाच आता कशाला लावू?

गाडीशी आलो तेव्हा नेमूकाका माझ्या आड आले.

“मागं नको. पुढं बस, अण्णांच्या शेजारी.”

“पुढं तिघं कसे मावणार? मी मागं बसतो.”

“नको म्हटलं ना.”

मी तोवर मागचं दार उघडलं होतं.

मागची बाकडी काढून टाकलेली होती. तळाचा पत्रा ओला होता आणि लाकडाच्या भुशाचा दमट वास येत होता. पोत्यांखाली काहीतरी लांबट झाकलेलं होतं. मी एक पोतं उचललं. बर्फाच्या लाद्या होत्या. एकीला एक लावून, माणूस मावेल एवढ्या लांबीच्या. कडेला, ओलं होऊ नये म्हणून खुंटीला अडकवलेल्या पिशवीत, पांढऱ्या मांजरपाटाचं कोरं कापड होतं.

इलाही दुसरीकडे बघत होता. काका म्हणाले, “बेळगावात बर्फ मिळाला.” एवढंच.

मी पोतं परत होतं तसं टाकलं आणि पुढं जाऊन बसलो. काका मागं, त्या ओल्या पत्र्यावर, एका लादीच्या कडेला बसले.

घाट सुरू झाला. वळणावर गाडी वळली की मागं लाद्या सरकायच्या आणि पत्र्यावर आपटायच्या. प्रत्येक वेळी अण्णा डोळे मिटायचे.

शेवटी मीच विचारलं. “फोनवर नीट ऐकू आलं नाही का तुम्हाला?”

“थोडं आलं. समुद्र म्हणाली. पोलीस म्हणाली. घेऊन जा म्हणाली.”

“मग तुम्ही विचारलं नाही, जिवंत आहे का म्हणून?”

“नाही.”

“का?”

अण्णा समोरच्या काचेतून बघत राहिले. मला वाटलं, आता बोलणार नाहीत. मार्चमध्ये माझा निकाल लागला, मी सलग दुसऱ्यांदा नापास झालो, तेव्हापासून ते माझ्याशी बोललेच नव्हते. एका पंक्तीला जेवत नव्हते. मी ओसरीवर आलो की उठून गिरणीत जायचे. घरात माझ्या नावाचा उच्चार होत नव्हता. निकालाच्या दिवशी मात्र बोलले होते. आईसमोर, शेजाऱ्यांसमोर. म्हणाले होते, काय करायचं मला विचारू नकोस, परसात विहीर आहे.

“मी तुला विहीर दाखवली होती,” अण्णा म्हणाले. “विचारायचं कुठल्या तोंडानं?”

इलाहीनं गाडी हळू केली, मग पुन्हा वेग घेतला.

“फोन ठेवला आणि मला नवल वाटलं नाही,” ते पुढं म्हणाले. “आई रडली, नेमू रडला. मला वाटलं, झालं. ज्याची वाट बघत होतो ते झालं. बाकडी मीच काढायला लावली. मांजरपाट मीच घेतलं.”

“अण्णा, मी जीव द्यायला गेलो नव्हतो. खरंच नाही. जहाजं बघायला गेलो होतो.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आजाऱ्याला बघतात तसं, काही मनाला लावून घेऊ नकोस अशा नजरेनं.

“बरं,” ते म्हणाले.

घाटमाथ्यावर त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. मागचं दार उघडून ते स्वतः लाद्या ओढू लागले. काका मदतीला आले तर त्यांना हातानंच मागं सारलं. एक एक लादी रस्त्याच्या कडेला, गवतात ढकलली. शेवटची खाली पडून फुटली. मांजरपाट त्यांनी एका झाडाच्या फांदीवर टाकलं, कोणाला लागलं तर नेईल म्हणून. मग लाल झालेले हात काखेत धरून ते थोडा वेळ तसेच उभे राहिले. मी जवळ गेलो नाही. मला त्यांचा राग येत होता. आमच्या ओट्यावर बसून शांतपणे त्यांनी माझ्या मरणाची तयारी केली, हे मला गिळता येत नव्हतं.

घरी अंगण माणसांनी भरलं होतं. मी गाडीतून उतरलो तशी कुजबुज थांबली. आई पुढं आली आणि माझ्या तोंडावरून, खांद्यांवरून हात फिरवत राहिली. भेटायला म्हणून आलेले लोक अवघडून उभे राहिले. एकेक करून, चपला शोधत, निघून गेले.

कॉलेज मी सोडलं. पुढं सर्व्हेअरचा कोर्स केला, पाटबंधारे खात्यात लागलो, पुण्याला आलो. अण्णांनी कशालाच नाही म्हटलं नाही. माझ्यावर पुन्हा आवाज चढवला नाही. जहाजांचं मी त्यांना नंतरही दोन-तीनदा सांगितलं. प्रत्येक वेळी ‘बरं’ म्हणाले. शेवटपर्यंत त्यांचा त्यावर विश्वास बसला नाही.

वास्कोहून आलो त्याच आठवड्यात त्यांनी लोहाराला बोलावून विहिरीवर जाळी बसवून घेतली. जाळीला कुलूप. किल्ली त्यांच्या जानव्याला. रोज पहाटे ते स्वतः उठून कुलूप काढायचे, बायकांचं पाणी भरून होईपर्यंत काठावर उभे राहायचे आणि पुन्हा लावून टाकायचे. पुढं नळ आला, विहिरीचं पाणी कोणी पिईनासं झालं. माझं लग्न झालं, मला मुलगी झाली, मी वर्षातून एकदा दिवाळीला घरी जाऊ लागलो. ते रोज सकाळी कुलूप काढायचे, थोडा वेळ उभे राहायचे आणि परत लावायचे.